पहिल्या रांगेतली दुसरी खुर्ची

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी अश्रुबा नानांचं नाव घेतो. आईवडिलांना त्याचं वाईट वाटत नाही. त्यांना विचारलं तर तेही नानांचंच नाव घेतात.

अश्रुबा नाना एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर आहेत. माणूस दिसला की त्याला जागेवर बसवायचा, हे त्यांचं काम आहे आणि हाच त्यांचा आजारही आहे. गाडीत असतात तोवर कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण ड्यूटी संपली तरी ते थांबत नाहीत. एकदा मी त्यांच्याबरोबर कपिलधारला गेलो होतो. धबधब्याखाली पोरांची दाटी झाली होती. नाना काठावर उभे राहिले आणि ओरडले, "भिजलेले भाईर या, कोरडे आत जाऊ द्या. मधी थांबू नका, मागं लई जागा हाय." मागं नुसता कातळ होता. पण तो आवाज असा, की दोन-चार पोरं खरोखर सरकून कातळाला चिकटून उभी राहिली.

आमच्या गावातले एक म्हातारे आबा वारले तेव्हा अंत्यदर्शनाला दारात लोक कोंडले. नाना पुढं झाले. त्यांनी लोकांना पुढच्या दारानं आत घेतलं आणि मागच्या दारानं बाहेर काढलं. आबांचा मुलगा रडत रडत म्हणाला, "नाना, जरा थांबू द्या की त्यान्ला."

नाना म्हणाले, "हितं थांबा न्हाई."

आता उपकाराचं सांगतो. मी अकरावीला गेलो तेव्हा आमच्या वस्तीवरून कॉलेजला जायला सकाळची एकच गाडी होती. दिवाळी झाली की आईवडील ऊसतोडीला जात, घरी मी आणि शेळ्या. शेळ्यांचं आवरून मी फाट्यावर पळत यायचो. गाडी तेलगावहून येतानाच भरलेली असायची. मी दांडीला एक हात धरून दुसऱ्या हातात पुस्तक धरायचो आणि प्रत्येक खड्ड्याला ओळ चुकायचो. नानांनी चार दिवस हे बघितलं. पाचव्या दिवशी दाराजवळची स्वतःची, म्हणजे कंडक्टरची जागा दाखवून म्हणाले, "बस. वाच."

त्यानंतर मी पदवीधर होईपर्यंत त्या जागेवर बसलो आणि नाना उभे राहिले. हे त्यांनी दया म्हणून केलं नाही, त्याचा नियम करून टाकला. एकदा पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस माझ्या आधी येऊन तिथं बसला. नाना म्हणाले, "उठा. विद्यार्थ्याची जागा हाय."

"कुठं लिव्हलंय?"

नानांनी खिशातला खडू काढला आणि त्या माणसाच्या डोक्यावर, गाडीच्या पत्र्यावर लिहिलं, 'विद्यार्थी'. 'वि' एवढा मोठा आला की 'र्थी'ला खिडकीवर जावं लागलं. पण माणूस उठला. नाना मला म्हणाले, "बघ. तोंडानं सांगितलं तर वाद घालतेत. लिव्हलेलं दिसलं की गप उठतेत."

लाड मात्र नाही. एकदा मी पास घरी विसरलो तर त्यांनी मलाही तिकीट काढायला लावलं. म्हणाले, "जागा येगळी, तिकीट येगळं."

लोकांच्या रुमालांशी त्यांचं जुनं वैर आहे. आमच्याकडे गाडी स्टँडला लागायच्या आत लोक खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, वेळ पडली तर लेकरूसुद्धा आत टाकून जागा धरतात. नाना असा रुमाल दोन बोटांत धरून सगळ्या गाडीला दाखवायचे आणि विचारायचे, "हे पावणे कुठं उतरनार?"

असे हे नाना पन्नाशीला आले तरी बिनलग्नाचे होते. त्याला कारण त्यांची थोरली बहीण, कौसाक्का. आक्काचं लग्न झालं आणि वर्ष-दोन वर्षांत नवरा गेला. ती माहेरी परत आली. पुढं आईबापही गेले. धाकट्या अश्रुबाला तिनंच रोजंदारी करून वाढवला. भाऊ नोकरीला लागल्यावर तिनं मुली सुचवायला सुरुवात केली. नाना म्हणाले, "तू संगं चल." आक्का म्हणाली, "माझ्यासारखीनं शुभकार्याला पुढं जाऊ न्हाई." आक्का येईना आणि तिच्याशिवाय नाना जाईनात. सगळी जवानी या एका मुद्द्यावर स्टँडवर उभी राहिली.

शेवटी आक्कानं शपथ घातली तेव्हा नाना मला बरोबर घेऊन गेले. मुलगी म्हणजे विमलताई, तेलगावकडच्या एका वस्तीवर अंगणवाडी चालवणाऱ्या. भावंडांची लग्नं करता करता त्यांचंही राहून गेलं होतं. चहा झाला. विमलताईंचे भाऊ बन्सीभाऊ म्हणाले, "पावणं, काय इचारायचं आसंल तर इचारा."

नानांनी विचार केला आणि विचारलं, "खिडकी लागती का?"

विमलताई म्हणाल्या, "न्हाई. मला उलटी व्हत न्हाई. पन शेजारचं मानूस झोपून अंगावर पडलेलं मला चालत न्हाई."

बन्सीभाऊंना ठसका लागला. नाना गंभीरपणे म्हणाले, "मी जागाच आसतो." लग्न ठरलं.

बातमी ऐकून आक्कानं देवापुढं साखर ठेवली. आणि त्याच दमात सांगून टाकलं की ती मांडवात पुढं बसणार नाही. मी तेव्हा तिथंच होतो.

"कावून?" नानांनी कारण विचारलं.

"कावून म्हंजे? मोकळ्या कपाळाची बाई पुढं बसली तर तुझ्या सासरचे काय म्हनतील? मी मागं बसते, भटारखान्यापाशी. सगळ्याच लग्नात बसते."

"माझ्या लग्नात न्हाई बसायचं."

"तुझं लगीन हाय म्हनून तर मागं बसायचं. काय इपरीत झालं तर नाव माझंच निघंल. उगं हुज्जत घालू नको."

नाना बाहेर ओट्यावर येऊन बसले. मग म्हणाले, "आरं, आख्ख्या जिल्ह्याला मी जाग्यावर बसवलंय. नारायणगडाच्या यात्रेला टपावरचे लोक आत बसवलेत. आन ही एक बाई मला बसवता येईना."

तेवढ्यात त्यांना वऱ्हाड घेऊन पुण्याकडे जायची ड्यूटी लागली. तिथं लॉनवरचं लग्न होतं. प्रत्येक खुर्चीपुढं एक घडीचं कार्ड उभं, त्यावर सुरेख अक्षरात पाहुण्याचं नाव. नानांनी वाढप्याला विचारलं, "ह्या नावावर दुसरं कुनी बसलं तर?" वाढपी म्हणाला, "कोणी बसत नाही." नानांनी पुन्हा विचारलं, "रुमाल टाकला तर?" वाढप्याला प्रश्नच कळला नाही. गाव गाठल्याबरोबर मला परभणीला फोन केला. मी तिथं एका बँकेत कारकून आहे.

नाना फोनवर बोलतात ते स्टँडवरच्या गर्दीतून बोलल्यासारखं. पलीकडच्याचं ऐकायची सोय नसते. "हां, ऐक. कारडं करायची. खुर्चीला नाव. शाई आन. ठिवतो."

मी रविवारी गेलो तेव्हा त्यांनी सगळी योजना सांगितली. एकट्या आक्काच्या नावाचं कार्ड केलं तर ती ओळखणार आणि येणार नाही. पण मांडवात जिकडंतिकडं नावंच नावं असली तर तिचं त्यातलंच एक. मग तिला म्हणायचं, नियम आहे, ज्याची त्याची खुर्ची ठरलेली आहे. "लिव्हलेलं दिसलं की मानूस ऐकतंय," नाना म्हणाले. "आक्का मानूसच हाय की."

"आक्कांना वाचता येत नाही, नाना."

"मग तर आजूनच ऐकंल."

एका खुर्चीसाठी सगळ्या मांडवाचं लेखन करायचं ठरलं. मी म्हणालो, छापून घेऊ. नाना म्हणाले, छापलेलं लोक वाचत नाहीत, लग्नपत्रिकेचं बघतोस ना. हातानं लिहिलेल्याला मान असतो. हात कसा आहे याचा विचार झाला नव्हता.

नानांचं आजवरचं लिखाण म्हणजे खडूनं लिहिलेलं 'विद्यार्थी' आणि आयुष्यभराच्या सह्या. त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ लावला. त्यात एक गोरी मुलगी निमुळत्या टाकानं वेलांट्या वळवत होती. नानांनी तो पुन्हा पुन्हा बघितला आणि म्हणाले, "हिच्या अक्षरान्ला डोक्यावर रेघच न्हाई. हिचं सोपं हाय." मग त्यांनी स्वतःची पद्धत काढली. आधी पट्टीनं आडवी रेघ ओढायची, मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं एकेक अक्षर तिला लटकवायचं. अडचण अशी व्हायची, की कधी दोरी उरायची, कधी कपडे उरायचे. 'ज्ञानेश्वर'चा 'ज्ञा' ऐटीत बसायचा आणि 'र' कार्डाच्या मागच्या बाजूला निघायचा. 'गोदावरी' लिहिताना शाई एवढी सांडली की नाव न वाचताही कळावं.

शेवटी नाना रशीदभाईंकडे गेले. रशीदभाई स्टँडसमोर गाड्यांच्या नंबर प्लेटी रंगवतात. त्यांनी नानांचा हात धरून बघितला. "मास्तर, कायकू इत्ता दबारे? कागद है, क्लच नै." त्यांनी ब्रश धरायला शिकवलं, जागा मोजायला शिकवलं. पंधरा दिवसांत नानांची अक्षरं एका उंचीची आणि सरळ यायला लागली. फक्त प्रत्येक नाव नंबर प्लेटसारखं दिसायला लागलं. काही कार्डांवर तर रशीदभाईंच्या सवयीनं खाली छोटं लिंबू-मिरचीचं चित्रही आलं होतं. नानांना ते आवडलं. "नजर लागायची न्हाई," म्हणाले.

पुढचा घोळ नावांचा. नानांच्या बाजूचे पाहुणे म्हणजे त्यांचे रोजचे पॅसेंजर. वर्षानुवर्षं ते त्यांना ओळखतात, पण ओळखतात ते थांब्यावरून. पूर्ण नावं माहीत नाहीत. म्हणून नाना तिकीट फाडता फाडता वहीपेन काढून विचारायला लागले, "तुमचं पूर्न नाव?" गाडीत घबराट झाली. दूधवाला मुंजाजी म्हणाला, "मास्तर, काय गुन्हा झाला? कॅनचं तिकीट काढतो की." भाजीची पाटी घेऊन येणारी गयाबाई आधी काही सांगायलाच तयार नव्हती. मग म्हणाली, "गयाबाई. बोरफाट्याची. आमालाच ठावं न्हाई पुढचं, तुमी काय लिव्हताव?" नानांनी तेच लिहिलं. सगळ्या कार्डांवर त्यांनी वर नाव लिहिलं, खाली थांबा लिहिला. त्यांच्या दृष्टीनं माणसाचा पत्ता तोच. आणि सगळ्यांना बजावून सांगितलं, "मांडवात तुमच्या नावाची खुर्ची हाय. तिथंच बसायचं. कुनीबी उठवायचं न्हाई तुमाला."

हे वाक्य मला वाटतं आमच्या भागात पहिल्यांदाच कुणी उच्चारलं असेल. आमच्या लग्नांत पहिल्या रांगा पुढाऱ्यांसाठी असतात आणि पुढारी येईपर्यंत त्यांवर गरीब माणसं बसून त्या गरम ठेवतात. पुढाऱ्याची गाडी आली की त्यांना उठवतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, उठणाऱ्यालाही नाही.

बन्सीभाऊंनी तालुक्याच्या भाऊसाहेबांना बोलावलं होतं. भाऊसाहेब त्या वेळी कुठल्याही पदावर नव्हते, पण सगळ्या पदांच्या आशेवर होते. त्यामुळे ते एकही लग्न सोडत नसत. बन्सीभाऊंना त्यांच्यासाठी सोफा हवा होता. नानांनी साफ नाही सांगितलं. "सोफ्यावर किती बसायचे ह्याला नियम न्हाई. खुर्ची म्हंजे एक मानूस." म्हणून पहिल्या रांगेतही प्लास्टिकच्या खुर्च्याच आल्या, वर पांढरे झगे घातलेल्या.

लग्नाच्या दिवशी सकाळी हळद लागल्यावर नाना स्वतः मांडवात आले. सेफ्टी पिना दातांत धरून खुर्ची-खुर्चीला कार्ड लावत फिरले. प्रत्येक कार्डावर पिवळा अंगठा उमटला. पहिल्या रांगेत उजवीकडून दुसऱ्या खुर्चीला त्यांनी दोन पिना लावल्या. त्या कार्डावर थांबा नव्हता. 'श्रीमती कौसाबाई. पहिली रांग, उजवीकडून दुसरी' एवढंच होतं. ते एकच कार्ड सगळ्यांत सरळ आलं होतं. आक्का तेव्हा भटारखान्यात बुंदीच्या बेसनाला पाणी घालत होती.

"नियम हाय," नानांनी तिला जाऊन सांगितलं.

"आसंल," ती म्हणाली. "मला काम हाय."

मग लोक यायला लागले. आधी बन्सीभाऊंच्या गावचे आले. त्यांनी सवयीनं कार्डांवरच रुमाल टाकले आणि पान खायला बाहेर गेले. मग गयाबाई आली. नवं लुगडं नेसून, पाटी नसल्यामुळे हात कुठं ठेवावेत ते न कळून उभी होती. मला म्हणाली, "बाबा, माझं नाव कुठं हाय?" मी तिला खुर्ची दाखवली, कार्ड वाचून दाखवलं. तिनं कार्ड नीट बघितलं, पिन काढली, आणि खुर्चीवर न बसता ते घेऊन सरळ स्टेजकडे चालायला लागली.

तिचं काही चुकलं नाही. आमच्याकडे लग्नात नाव लिहिलेला कागद दिसला तर तो माईकवाल्याकडे द्यायचा असतो. पाहुणे आले की कुणीतरी चिठ्ठी पाठवतं आणि माईकवाले गुरुजी ती वाचून स्वागत करतात. मोठ्या माणसांच्याच चिठ्ठ्या जातात, एवढंच. गयाबाईनं तिची चिठ्ठी नेऊन दिली. आणि हे गुरुजी असे, की हातात पडलेला कागद वाचल्याशिवाय त्यांना राहवत नाही. किराणा यादी दिली असती तरी त्यांनी तुरीच्या डाळीचं स्वागत केलं असतं.

"बोरफाट्याच्या आदरणीय श्रीमती गयाबाई यांचं," गुरुजींचा आवाज कर्ण्यांतून फुटला, "उभय परिवारांच्या वतीनं मी शब्दसुमनांनी स्वागत करतो."

गयाबाईनं चारी दिशांना वळून हात जोडले. पुढाऱ्यांना तिनं तसं करताना बघितलं असणार.

झालं. रोजचे पॅसेंजर आपापली खुर्ची शोधायचे, पिन काढायचे आणि कार्ड घेऊन माईककडे. स्टेजसमोर रांग लागली. नाना मुंडावळ्यांच्या आडून बघत होते. एवढ्या दिवसांची मेहनत खुर्च्यांवरून उठून चालत निघाली होती आणि मागं रुमाल बसत होते. त्यांनी मला खुणेनं बोलावलं. "आरं, आडव त्यान्ला." मी दोघांना अडवलं. त्यांनी मलाच विचारलं, "गयाबाईचं वाचलं, आमचं का न्हाई?" मी बाजूला झालो.

मुंजाजीच्या कार्डावर 'मुंजाजी, कारखाना फाटा' होतं. गुरुजींनी फाटा गाळला. "साखर कारखान्याचे माननीय मुंजाजीराव!" असं ऐकल्याबरोबर बन्सीभाऊंच्या बाजूचे दोन कार्यकर्ते उठून उभे राहिले आणि त्यांनी त्याला गुलाबाचं फूल दिलं. मुंजाजी घाबरून म्हणाला, "मी फकस्त दूध घालतो." कार्यकर्ते म्हणाले, "तेच तर, साहेब. साधेपणा."

मुहूर्त दुपारचा होता. पण आमच्याकडे मुहूर्त पंचांगात असतो आणि लग्न पुढारी आल्यावर लागतं. भाऊसाहेब आले तेव्हा भटजी तिसऱ्यांदा घड्याळ बघत होते. बन्सीभाऊ पुढं धावले. पहिली रांग माणसांनी आणि रुमालांनी भरली होती. फक्त उजवीकडची दुसरी खुर्ची मोकळी होती, कारण तिचं कार्ड तिथंच होतं आणि कार्डाचं माणूस बेसनात होतं. बन्सीभाऊंनी दोन्ही पिनांसकट कार्ड ओढलं, भाऊसाहेबांना बसवलं, आणि त्यांचं स्वागत करा म्हणून सांगायला माईककडे पळाले. कार्ड त्यांच्या हातातच होतं. गुरुजींनी ते काढून घेतलं.

"श्रीमती कौसाबाई," गुरुजींनी वाचलं आणि नातं पदरचं घातलं. "नवरदेवाच्या थोरल्या भगिनी. पहिली रांग, उजवीकडून दुसरी. कृपया आपली जागा ग्रहण करावी."

मग त्यांनी मान वर करून त्या जागेकडे बघितलं. तिथं भाऊसाहेब होते. सगळा मांडव त्याच जागेकडे बघत होता. गुरुजींना वाचलेलं मागं घेता येईना. त्यांनी तेच पुन्हा, जास्त मोठ्यानं वाचलं.

भाऊसाहेब कच्चे नव्हते. खुर्ची कधी सोडल्यानं फायदा होतो हे त्यांना बरोबर कळतं. ते उठले, माईकपाशी गेले आणि म्हणाले, "मी माझी खुर्ची माझ्या या बहिणीला अर्पण करतो." टाळ्या झाल्या. कार्यकर्त्यांनी मोबाईल वर धरले. भाऊसाहेब खुर्चीशेजारी हात जोडून, फोटोला बरा दिसेल अशा कोनात उभे राहिले.

पण बहीण येईना. भाऊसाहेब उभे म्हणून बन्सीभाऊ उभे, बन्सीभाऊ उभे म्हणून सगळे व्याही उभे. बायकांनी भटारखान्याच्या दारात आक्काला पुढं ढकललं. ती दाराची चौकट धरून उभी राहिली. भटजी म्हणाले, "वेळ टळायलीय." अंतरपाट धरला गेला. एका बाजूला नाना, दुसऱ्या बाजूला विमलताई.

अंतरपाटाआडून नानांचा आवाज आला. "गाडी हालनार न्हाई."

भटजींना कळेना. "काय म्हणाले?"

"सगळे बसल्याबिगर गाडी हालनार न्हाई."

"अश्रुबा," आक्का चौकटीतूनच म्हणाली, "गप लगीन लाव."

"तू बस, मग लावतो."

"चार मान्सांत माझा तमाशा करू नको."

"लोकं चार न्हाईत, लई हायेत. बस."

कुणी हसलं नाही. आक्काची मान खाली गेली होती. मला वाटलं, आता ती आत निघून जाणार, आणि नाना तर हलणारच नाहीत. तेवढ्यात अंतरपाटाच्या दुसऱ्या बाजूनं विमलताई बोलल्या. "वन्सं, बसा आता. माझे पाय दुखायलेत. नव्या नवरीला ताटकळत ठिवायची रीत हाय का तुमच्यात?"

आक्कानं पदर डोक्यावर ओढला. बेसनाचे हात तसेच घेऊन ती मांडवाच्या मधून चालत आली. वाटेत कुणाकडं बघितलं नाही. खुर्चीच्या अगदी कडेला, कधीही उठता येईल अशी बसली. शेजारच्या बाईनं तिच्या हातात अक्षता दिल्या.

नाना म्हणाले, "चला."

लग्न लागलं. मला संध्याकाळी परभणी गाठायची होती. निघताना कसाबसा स्टेजवर गेलो. नानांना फेटे बांधलेल्या मंडळींनी घेरलं होतं. फोटो चालू होते, भाऊसाहेब प्रत्येक फोटोत होते. आक्का एकाही फोटोत नव्हती. नानांनी माझा हात धरला आणि विचारलं, "आक्का वर कावून येईना? चिडली का रं?" मी उत्तर देणार तोवर मागून कुणीतरी "पुढं सरका" म्हणालं, आणि नियम म्हणून नानांनीच मला पुढं ढकललं.

पुढच्या आठवड्यात भाऊसाहेबांचा फलक तेलगावच्या चौकात लागला. 'माता-भगिनींसाठी खुर्ची सोडणारे नेतृत्व.' आणि इकडून विमलताईंचा, म्हणजे आता विमलकाकूंचा, फोन आला. आक्का लग्नापासून शेतातल्या खोपीवर राहायला गेली आहे, नव्या जोडप्याला घर मोकळं पाहिजे म्हणते. नानांना वाटतं चिडून गेली. ते जेवताना मध्येच थांबतात. फोनवर नानांना काही सांगायची सोय नाही, म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत जायच्या आधी त्यांना पत्र लिहिलं. ते असं.

तीर्थरूप नानांस,
साष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, तुम्ही मला स्टेजवर एक विचारलं होतं आणि त्याचं उत्तर द्यायचं राहिलं. तुम्ही अंतरपाटाआड होता, नंतर गर्दीत होता. तुम्हाला दिसलं नसणार. मी आक्कांच्या बरोबर मागं बसलो होतो, म्हणून लिहितो.

प्रत्येक 'सावधान'ला लोक अक्षता टाकत होते. आक्कांनी एकदाही टाकल्या नाहीत. मलाही वाटलं की चिडल्या आहेत. शेवटचं 'सावधान' झालं, बँड वाजला, लोक जेवायला उठले. मी पुढं वाकून म्हणालो, "आक्का, टाका की अक्षता." त्यांनी मूठ उघडून दाखवली. हाताला बेसन होतं, त्यात घाम आलेला. तांदळाचा पार गोळा झाला होता. म्हणाल्या, "हे कसं टाकू? लागंल की त्याला."

मी म्हणालो, "मग वर चला, हातानंच डोक्यावर ठेवा. फोटोही निघेल." त्या उठायला लागल्या. अर्ध्या उठल्या आणि परत बसल्या. मी विचारलं, काय झालं. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि मला हळूच विचारलं, "मी उठले तर हितं कुनी बसंल का रं?"

मी सांगितलं, आक्का, लग्न झालं, आता कोण बसतंय. त्या म्हणाल्या, "तरी पन." मग मागं रेलून नीट बसल्या.

नाना, मी जेवून परत आलो तेव्हा मांडववाले खुर्च्या गोळा करत होते. पहिल्या रांगेतल्या बाकीच्या सगळ्या त्यांनी एकात एक घालून टेम्पोत टाकल्या होत्या. मोकळ्या मांडवात आक्का एकट्याच बसून होत्या, मूठ तशीच धरून. मांडववाला पोऱ्या दोनदा येऊन म्हणाला, "मावशी, खुर्ची." त्यांनी त्याला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. पण तो खुर्ची न घेताच गेला.

विमलकाकूंना नमस्कार सांगावा.

आपला आज्ञाधारक,
भीमराव